उरलेले तुकडे आणि जुने संगणक



हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत काम करणारे तुमच्यापैकी काहीजण विचारतात, "ऑफिसचे जुने लॅपटॉप आदिवासी मुलांच्या वसतिगृहाला द्यावेत का?" कंपनीची परवानगी घेऊन जरूर द्या, पण दोन गोष्टी पाहा.

पहिली, आतली माहिती. फाइल डिलीट केली तरी मजकूर बहुधा डिस्कवर राहतोच. त्यात लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती असू शकतात. म्हणून डिस्क जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्या आणि तसा दाखलाही घ्या.

दुसरी, बंद पडलेली यंत्रे. ती जुन्नर-आंबेगावच्या पाड्यांवर पाठवणे हे दान नव्हे. तांब्यासाठी वायरी जाळल्या, की विषारी धूर लेकरांच्याच छातीत जातो. 2022 च्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या कंपन्यांनी असा कचरा नोंदणीकृत संस्थांकडेच द्यायचा असतो. पुण्यात पूर्णम इकोव्हिजनच्या 'ई-यंत्रण' अभियानात घरचा ई-कचराही गोळा होतो. दुरुस्त होणारे संगणक गरजू शाळांना मिळतात.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करवले. ते तुकडे भाकरीचे होते, खाण्याजोगे होते. आपणही गरिबाच्या पदरात वापरण्याजोगेच घालू या.