वाढत्या अंगाचे
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा बोलायला उभे राहण्याचा आग्रह झाला, तेव्हा मी आमच्या चिटणीसबाईंना विषय सांगितला. मोटारीत लहान मुलाला कोणत्या खुर्चीत बसवावे आणि ती खुर्ची केव्हा बदलावी, असा तो विषय. त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, हा पुण्या-मुंबईकडचा विषय. नागभीडला कशाला?" मागच्या दिवाळीपर्यंत मीही असेच म्हटले असते. आता का म्हणत नाही, ते सांगण्यासाठीच उभी आहे.

आपल्यापैकी पुष्कळजणींना नागपूरची छोटी गाडी आठवत असेल. इतवारीहून निघाली की उमरेड, भिवापूर करीत डुलत डुलत नागभीडला यायची. मूल मांडीवर, फराळाचा डबा शेजारी, कसली घाई नाही. रूळ रुंद करण्याच्या कामासाठी २०१९ साली ती गाडी बंद झाली, आणि आपल्या लेकीबाळी माहेरी रस्त्याने येऊ लागल्या. शंभरेक किलोमीटरची वाट. दोन्ही बाजूंना जंगल. रानडुक्कर नाहीतर चितळ केव्हा आडवे येईल, याचा नेम नाही. पूर्वीची मांडी तीच राहिली, पण वेग तो राहिला नाही.

माझी लेक नागपूरला असते. तिला दोन मुले. नात साडेपाच वर्षांची, नातू दीड वर्षाचा. दोघांनाही मोटारीत वेगवेगळ्या खुर्च्या. नातवाची खुर्ची उलटी, म्हणजे त्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. नातीची सरळ. मला हे सगळे थेर वाटत. दिवाळीला मी त्यांच्याबरोबर येणार होते. मागच्या सीटवर दोन खुर्च्यांच्या मध्ये मला बसायला अवघड होऊ लागले. मी म्हटले, "अगं, पोरगी एवढी मोठी घोडी झाली, तिला कशाला हवी खुर्ची? लाव तिला आपला पट्टा." नातही टाळ्या पिटू लागली, कारण मोठ्यांचा पट्टा लावायचा म्हणजे आपण मोठे झालो! लेक नको म्हणत होती. पण आईपुढे बोलायचे कसे? खुर्ची घरीच राहिली.

भिवापूर मागे पडले होते, कान्पा यायचे होते. तिन्हीसांजेची वेळ. चितळांचा कळप एकदम रस्त्यावर आला. जावईबापूंनी करकचून ब्रेक दाबला. गाडी कडेला गेली आणि मोरीच्या कठड्याला धडकून थांबली. वेग फार नव्हता. नातू दचकून रडला, पण अंगावर ओरखडा नाही. नातीचा मात्र कमरेचा पट्टा पोटावर चढला होता आणि खांद्याचा मानेत रुतला होता. पोटावर आडवा लाल वळ उमटला. डॉक्टरांनी आतल्या आतड्यांना मार बसला आहे काय, हे पाहण्यासाठी तिला एक रात्र दवाखान्यात ठेवून घेतले. सकाळी "काही नाही" म्हणाले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. त्या रात्री मी बाकावर बसून होते. लेक मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

पुढे मी लेकीला बसवून हे सारे शास्त्र समजून घेतले. ते अवघड नाही.

ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने गाडी कशावर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा मार वीस फुटांवरून खाली पडल्यासारखा असतो. अशा वेळी मांडीवरचे दहा किलोचे मूल क्षणभर धानाच्या भरल्या पोत्याहून जड होते. कोणती आई, कोणती आजी ते पोते दोन हातांनी धरून ठेवील? माया पुष्कळ असते, पण हातात तेवढे बळ नसते.

मग पट्टा का नाही चालत? आज मोटारीत दिसतो तो कमरेचा आणि खांद्याचा जोडपट्टा १९५९ साली स्वीडनमध्ये निल्स बोहलिन यांनी तयार केला. तो बेतला आहे मोठ्या माणसाच्या हाडांवर. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडाला पुढे उंचवटा असतो, त्यावर पट्टा अडतो. लहान मुलाचा तो उंचवटा पुरता तयार झालेला नसतो, म्हणून पट्टा सरकून मऊ पोटावर येतो. माझ्या नातीचे नेमके हेच झाले. तान्ह्या मुलाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे डोके अंगाच्या मानाने फार जड आणि मान कोवळी. पुढे तोंड करून बसवले, तर गाडी आदळताच डोके पुढे फेकले जाते आणि सारा ताण मानेवर येतो. उलट्या खुर्चीत पाठ, मान आणि डोके मिळून तो धक्का झेलतात. अंतराळवीर पाठीवर रेलून बसतात, त्यावरून स्वीडनचे प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना सुचली आणि १९६४ साली अशा खुर्चीचा पहिला नमुना तपासला गेला.

आता खुर्ची बदलायची केव्हा? भगिनींनो, आपल्याकडे मुलांचे कपडे शिवताना आपण शिंप्याला सांगतो, "वाढत्या अंगाचे शिवा हो." झगा दोन वर्षे पुरतो, बाह्या दुमडून भागते. मोटारीतल्या खुर्चीला आणि पट्ट्याला हा हिशेब लागू नाही. तेथे आजच्या अंगाचेच हवे. मोठ्या मुलाची खुर्ची लवकर देणे म्हणजे मुलाला बढती नव्हे. त्याचे संरक्षण एक पायरी कमी करणे होय. म्हणून जी खुर्ची आहे, तिच्यात मूल मावते तोवर ती बदलू नये. वाढदिवस पाहून नव्हे, उंची आणि वजन पाहून बदलावी. त्यांची मर्यादा खुर्चीवरच छापलेली असते.

उलट्या खुर्चीत मूल जितके दिवस मावेल तितके चांगले. युरोपातल्या नव्या नियमाप्रमाणे निदान पंधरा महिन्यांपर्यंत ती लागतेच. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मुले तशीच बसतात. पाय दुमडले म्हणून खुर्ची लहान झाली असे समजू नका, मुले पाय दुमडूनच खुशाल बसतात. डोक्याचा माथा खुर्चीच्या वरच्या कडेपासून एका इंचावर आला किंवा वजन मर्यादेला टेकले, की मग बदलावी. एक जपावे. जिच्यासमोर हवेची पिशवी चालू आहे, अशा पुढच्या सीटवर उलटी खुर्ची कधीही ठेवू नये. पिशवी फुगली की ती खुर्चीवरच आदळते.

त्यानंतर सरळ खुर्ची, तिच्यातल्या पट्ट्यांसह. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येणार नाही इतका घट्ट हवा. थंडीत जाड स्वेटरवरून पट्टा लावला की तो सैल राहतो. स्वेटर काढून पट्टा लावावा आणि वरून शाल पांघरावी. ही खुर्चीही लहान झाली की उंचवट्याची बैठक, जिला दुकानात बूस्टर म्हणतात. ती मुलाला वर उचलते, त्यामुळे मोठ्यांचा पट्टा जागेवर बसतो.

आणि नुसता पट्टा? अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ४ फूट ९ इंच उंचीनंतर म्हणतात. युरोपात १५० सेंटीमीटरचे माप आहे, काही देश १३५ वर समाधान मानतात. आपली मुले ४ फूट ९ इंच गाठतात ती बहुधा दहा-बारा वर्षांची झाल्यावर. उंची झाली तरी मुलाला बसवून पाहावे. पाठ मागे टेकते काय? गुडघे सीटच्या कडेवर वाकतात काय? कमरेचा पट्टा मांड्यांच्या वर, हाडाला धरून आहे काय? खांद्याचा पट्टा मानेला न लागता खांद्याच्या मधून जातो काय? आणि घसरगुंडी न करता मूल सारा प्रवास तसे बसते काय? पाचांपैकी एकाचे उत्तर "नाही" आले, तर बूस्टर ठेवावा. तेरा वर्षांपर्यंत जागा मागच्याच सीटवर.

कायदाही आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १९४ब घातले गेले. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना किंवा खुर्चीविना नेल्यास १००० रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने करावे असे हे काम नव्हे.

कोणी म्हणेल, आमच्याकडे मोटार नाही, फटफटी आहे. खरे आहे. आपल्या गावात पुष्कळ मुले टाकीवर नाहीतर दोघांच्या मध्ये बसून जातात. त्यांच्यासाठी २०२२ साली नियम झाला आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. चार वर्षांखालील मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या डोक्याचे हेल्मेट आणि वेग ताशी चाळीसच्या आत. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट हवेच. येथेही बापाचे हेल्मेट वाढत्या अंगाचे म्हणून लेकराच्या डोक्यावर चढवू नका. सैल हेल्मेट पडताना आधी निघून जाते.

शेवटी एक सूचना. आपल्या मंडळाच्या भांडारात लग्नकार्यासाठी गुंड आहेत, पराती आहेत, सतरंज्या आहेत. त्यांत दोन खुर्च्या आणि दोन बूस्टर ठेवावेत. ज्यांच्याकडे मोटारीने मुले येतील, त्यांनी चार दिवस न्यावेत आणि पुसून परत आणावेत. खुर्च्या ओळखीच्या घरूनच घ्याव्यात. अपघातातून गेलेली किंवा मुदत संपलेली फुकट मिळाली तरी नको. आणि मंडळाच्या दाराच्या चौकटीवर ४ फूट ९ इंचांची एक ठळक रेघ मारून ठेवावी. हळदीकुंकवाला आलेली मुले तिच्याशी उभी राहून आपली उंची पाहतील.

माझ्या नातीने आमच्या घरच्या चौकटीवर ती रेघ स्वतः मारून घेतली आहे. दर खेपेला येते, पाठ लावून उभी राहते आणि विचारते, "आजी, अजून किती?" मी म्हणते, "बाई, पुष्कळ आहे. घाई कशाला?" मोठी होण्याची तिला घाई असणारच. आपल्याला नसावी.

पहिल्या खुर्चीचे पैसे मी आज अध्यक्षाबाईंच्या स्वाधीन करते आणि आपली रजा घेते.