घरची उपासना आणि मुले



ख्रिस्ती माणसाने आपल्या घरच्या उपासनेविषयी आणि मुलांच्या धर्मशिक्षणाविषयी बोलावे, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविले, तेव्हा मी प्रथम कचरलो. श्रोत्यांपैकी बहुतेकांची परंपरा निराळी. त्यांना ह्यात काय गोडी, असे वाटले. मग ध्यानात आले की सिंदी हे तान्ह्या पोळ्याचे गाव आहे. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी येथली मुले लाकडाचे नंदी सजवून मिरवतात. बैलाचे उपकार मानावेत, हे त्यांना कोणी फळ्यावर लिहून शिकवीत नाही. नंदीची दोरी हाती दिली की झाले. मुलांच्या हाती काय द्यावे हा प्रश्न ज्या गावाला नवा नाही, तेथे माझा विषयही परका ठरणार नाही.

मराठी ख्रिस्ती माणसापुढे हा प्रश्न फार जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, येथली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच्या मुळाशी एक तक्रार आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांची जुनी पुराणे बंद झाली होती, आणि त्यांच्या जागी वाचावयास काही मिळाले नव्हते. स्टीफन्सने ती तक्रार रास्त मानली व लोकांच्या ओवीतच उत्तर दिले. पुराणे बंद करणारी सत्ता आणि पुराण लिहिणारा पाद्री हे एकाच पक्षाचे होते, हे मी विसरत नाही. तरी घरात मुलांसमोर वाचावयाचा शब्द घरच्याच भाषेत हवा, हे त्याने ओळखले होते. आणखी एक गोष्ट अशी की हा मराठी ग्रंथ छापला गेला रोमन लिपीत. शांताराम बंडेलू ह्यांनी तो देवनागरीत आणला तो १९५६ साली!

परंतु शब्द कोणत्या भाषेत द्यावा, ह्यापेक्षा अवघड प्रश्न दुसराच आहे. तो देण्याचा अधिकार कोणाचा? आईचा, मंडळीचा, की घ्यावा न घ्यावा हे ठरविण्याचा अधिकार मुलाचाच? ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना एकच व्यक्ती उभी राहिलेली मला आढळते. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. आईनेच त्यांना संस्कृत शिकविले, भागवत पाठ करविले. पुढे दुष्काळात आईबाप गेले, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले, आणि हाती एक तान्ही मुलगी उरली, मनोरमा. तिला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू व शिकवू लागल्या, आणि मनोरमा वाँटेजच्या भगिनींकडे राहिली.

येथे ठिणगी पडली. रमाबाईंनी ख्रिस्त स्वीकारला होता, परंतु त्रैक्याचा सिद्धान्त आणि इंग्लंडच्या मंडळीची काही मते त्यांना पटत नव्हती. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन ह्यांना वाटे की मुलीला मंडळीची शिकवण पूर्ण मिळाली पाहिजे, आईच्या शंकांपायी मुलीचे नुकसान होऊ नये. रमाबाईंचे म्हणणे असे की मी तिची आई आहे. जे मला मान्य नाही ते माझ्या मुलीस माझ्या परवानगीवाचून शिकवू नये. हा पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. दोन्ही बाया प्रामाणिक, दोघींचाही मुलीवर जीव, आणि तरी शब्दाशब्दांत धार. ज्यांच्या उपकारांवर परमुलखात आपण राहतो, त्यांना असे बजावणे सोपे नसते.

आता ह्याची दुसरी बाजू पाहा. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय बालविधवा तेथे शिकत. धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ होणार नाही, ज्या मुलीला आपले आचार पाळावयाचे तिने ते पाळावेत, असे वचन होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखे लोक सल्लागार होते. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. कोणी बोलाविले नव्हते, आणि कोणी हाकलूनही दिले नाही. पुण्यात काहूर उठले. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणावर सक्ती केली नाही, पण माझ्या प्रार्थनेचे दार मी लावणार नाही. हे मला पटते. तरी ज्या पालकांनी मुली नेल्या, त्यांची बाजू काय होती? आम्ही हिच्या घरचे आहोत. जे आम्हांला मान्य नाही ते हिच्या कानी पडू नये. आठ वर्षांपूर्वी वाँटेजला रमाबाई जवळजवळ हेच म्हणत होत्या! ह्या दोन प्रसंगांचा मेळ त्यांनी मनाशी कसा घातला असेल, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. फरक आहे, हे खरे. मनोरमा चार वर्षांची होती. सदनातल्या पुष्कळ मुली कळत्या वयाच्या होत्या आणि आपल्या पायांनी येऊन बसत होत्या. पण लहान कोठे संपते आणि कळते कोठे सुरू होते, ही रेघ कोणा शहाण्याने ओढून दिलेली नाही.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात आल्या (आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता) आणि अनाथ मुलींना केडगावला घेऊन गेल्या. तेथे मुक्तिसदन वाढले. ह्या मुलींना आणि खेड्यातल्या साध्या बायकांना समजेल असे पवित्र शास्त्र मराठीत हवे, म्हणून रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलाचे भाषांतर त्यांनी एकहाती केले. सदनातल्या बायकांनीच ते छापले. मनोरमा १९२१ साली वारली, रमाबाई १९२२ च्या एप्रिलात गेल्या, आणि समग्र ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ज्या लेकीच्या धर्मशिक्षणावरून एवढा वाद झाला, ती केडगावात आईचा उजवा हात होऊन राबली होती.

टिळकांच्या घरची गोष्ट थोडक्यात सांगतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधली काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली, आणि एकत्र आल्यावरही बाई काही काळ आपले सोवळे सांभाळून होत्या. एकाच छपराखाली दोन देवघरे! त्या घरात वाढलेल्या दत्तूने पुढे वडिलांच्या चरित्रासाठी आईला आठवणी लिहावयास लावल्या, म्हणून ‘स्मृतिचित्रे’ झाली.

आता माझ्या घराचे सांगतो. आमच्याकडे संध्याकाळी दिवे लागले की शास्त्रवाचन, एखादे गीत आणि प्रार्थना, हा आजोबांपासूनचा क्रम. माझा थोरला मुलगा सोळा वर्षांचा झाला आणि एके दिवशी म्हणाला, “बाबा, मी उद्यापासून बसणार नाही. मला ते खरे वाटत नाही.” मी रागावलो. घरात राहावयाचे तर घरची रीत पाळावी लागेल, असे मी बोलून गेलो. त्याची आई काही बोलली नाही. रात्री मला एवढेच म्हणाली, “बसवाल तुम्ही त्याला. पण प्रार्थना कोण करील?”

दुसऱ्या दिवशी मी अनुवादाचा सहावा अध्याय काढला. मुलांना देवाच्या आज्ञा शिकवाव्यात, त्या घरीदारी त्यांच्याशी बोलाव्यात, हा भाग आम्हां आईबापांना तोंडपाठ असतो. त्याच अध्यायात पुढे असे आहे की उद्या तुझा मुलगा तुला विचारील, ह्या आज्ञांचा अर्थ काय? म्हणजे मूल विचारणार हे शास्त्राने धरूनच ठेवले आहे. त्यावर रागावण्याचे कारण नाही. आणि बापाने उत्तर काय द्यावे? सिद्धान्त नव्हे. आम्ही मिसरात गुलाम होतो, तेथून देवाने आम्हांस सोडविले, ही आपल्यावर गुदरलेली हकीकत सांगावी. मी स्वतःला विचारले, मला कशातून सोडविले? ते मी मुलाला कधी सांगितले होते? मी त्याला वाचावयाचे अध्याय नेमून देत होतो, वर्षानुवर्षे.

मुलाला मी सांगितले की तुझ्यावर सक्ती नाही; फक्त त्या वेळेस घरात मोठ्याने काही लावू नकोस. ह्याला आता तीन वर्षे झाली. तो बसत नाही. धाकटी बसते, आणि दादा का बसत नाही म्हणून विचारते. तिला मी काय उत्तर द्यावे? ‘त्याला विचार’ असे म्हणतो. तिने विचारले आहे, आणि त्याने काय सांगितले ते मला दोघांपैकी कोणीही सांगितलेले नाही. मंडळीतील काही वडीलधाऱ्यांना माझे हे वागणे ढिलाईचे वाटते. त्यांचे चूक आहे असे छातीठोकपणे म्हणण्याइतकी माझी खात्री नाही. वाँटेजच्या भगिनींचीही काळजी खोटी नव्हती. आमच्या घरी संध्याकाळी पुढच्या खोलीचे दार आम्ही लोटून घेत असू, रस्त्यावरच्या आवाजामुळे. ते आता उघडे ठेवतो. आवाज येतो, त्याला इलाज नाही.

नागपूरकडची गाडी मला गाठावयाची आहे, तेव्हा कोणास काही विचारावयाचे असल्यास स्टेशनापर्यंत बरोबर चालावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.