मोठे वाहन आणि पायी चालणारे मूल
(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



वसमत तालुका हा हळदीचा आणि उसाचा तालुका. गळीत हंगाम सुरू झाला, की पूर्णा साखर कारखान्याच्या वाटेवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. त्याच वाटांनी मुले शाळेत येतात. म्हणून वाहनांचे आकारमान आणि त्यांचे नियम हा विषय शाळेबाहेरचा मानता येत नाही.

४ एप्रिल २०२५ रोजी या तालुक्यातील गुंज गावच्या मजूर स्त्रिया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेतकामासाठी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात गेल्या होत्या. तेथे ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि ७ स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. ट्रॉली ही मालासाठी बनविलेली असते. तिच्यात बसावयास आसन नसते, धरावयास दांडी नसते. ट्रॅक्टरवर चालकावाचून कोणासही बसवू नये, असा नियम १९८९ च्या रस्ते नियमावलीतच होता. परंतु कामावर वेळेत पोहोचावयाचे आणि दुसरे वाहन नाही, अशा माणसाला नियम ठाऊक असून काय उपयोग? दोष मजुरांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. जो मजूर बोलावतो, त्याने सुरक्षित वाहनाची सोय केली पाहिजे. ही गोष्ट पालकसभेत शिक्षकच अधिकाराने सांगू शकतात.

आता पादचाऱ्यांविषयी. वाहनाचे वजन दुप्पट झाले, तर त्याच वेगाला आघाताची शक्ती दुप्पट होते. वेग दुप्पट झाला, तर ती चौपट होते. मोटारीतील पट्टा आतल्या माणसाला सावरतो. बाहेर चालणाऱ्या मुलाला सावध सवयीवाचून दुसरे कवच नाही. उंच वाहनाच्या अगदी पुढ्यात उभे असलेले मूल चालकाला दिसत नाही. लांब ट्रॉली वळते, तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकोरीतून न जाता वळणाच्या आतल्या अंगास सरकतात. वळणावर बैलगाडीचे चाक बांधाला घासते, हे शेतकऱ्याच्या मुलाने पाहिलेलेच असते. त्या अनुभवावरून हा पाठ सहज शिकविता येईल.

मुलांच्या अंगी पुढील सवयी बाणवाव्यात :

१. पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरचे वाहन दिसेल असे चालावे.
२. उभ्या वाहनाला लागून रस्ता ओलांडू नये.
३. ऊस ओढण्यासाठी चालत्या ट्रॉलीमागे कदापि धावू नये.
४. दुचाकीवर शिरस्त्राण घालावे. २०१९ च्या कायदा-दुरुस्तीनुसार ते ४ वर्षांवरील मुलांनाही बंधनकारक आहे.

मात्र उपदेशाआधी आचरण हवे. क्रीडास्पर्धेला वा सहलीला मुलांना टेम्पोत किंवा ट्रॉलीत बसवून नेऊ नये. योग्य वाहन न मिळाल्यास जाणे रहित करावे. एका दिवसाची स्पर्धा हुकली, तर ती पुढच्या वर्षी खेळता येते.