भट्टी तापेना? आधी प्लग काढा

नानकटाईसाठी आपल्या गटांत आता कन्व्हेक्शन ओव्हन आलेत. ऐन दिवाळीच्या ऑर्डरीत ओव्हन थंड पडला तर काय बघायचं, ते आज आम्ही सांगतो.

आधी प्लग काढा, ओव्हन गार होऊ द्या. पिना काळ्या पडल्यात का, सॉकेट वितळलंय का, बघा. २००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला अर्थिंग असलेलं १६ अँपिअरचं सॉकेटच हवं.

एकीकडे करपतं, दुसरीकडे कच्चं राहतं? पंखा फिरतोय का बघा. पंखा फिरतो पण ओव्हन तापत नाही? मग कॉइल, थर्मोस्टॅट किंवा कटआउट गेलेलं असू शकतं. हे मिस्त्रीकडून मल्टीमीटरने तपासून घ्या. २००० वॅटच्या एका कॉइलचा रोध साधारण २६ ओहम येतो. जोडच दाखवली नाही, तर कॉइल तुटली. कॉइल आणि पत्रा यांच्यात मात्र जोड दिसता कामा नये, नाहीतर शॉकचा धोका.

कटआउट गेलं म्हणून तार जोडून काम चालवू नका. ते आग टाळण्यासाठीच असतं. मायक्रोवेव्हवाला ओव्हन तर उघडूच नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते.

ऑर्डर एक दिवस उशिरा गेली तरी चालेल, बायांनो. जीव जपा.