दीड महिन्याची लस आणि आईची झोप

दीड महिन्याच्या लसीला आणलेलं बाळ आधी काट्यावर जातं. वजन कार्डावर चढतं, सुया टोचल्या जातात, ताप आला तर काय करायचं ते सांगितलं जातं, पुढची तारीख मिळते. बाळ जिच्या मांडीवर असतं, तिला मात्र सहसा कोणी विचारत नाही की, बाळ निजल्यावर तुला झोप लागते का? बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची आपल्याकडची सर्वांत सोपी जागा हीच, आणि ती आपण वाया घालवतो, असं माझं म्हणणं आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही जेवण जात नसेल, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नसेल, 'मला आईपण जमत नाही' हेच डोक्यात घोळत असेल, तर तो आजार आहे. एडिंबरात 1987 साली तयार झालेली दहा प्रश्नांची यादी तो हुडकायला मदत करते. तिला पाच-दहा मिनिटं लागतात.

'माहेरी एवढं कोडकौतुक होतं, मग कसलं नैराश्य?' असं विचारलं जातं. शेक-शेगडी, अळीव, डिंकाचे लाडू यांना मी नावं ठेवत नाही. पण मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या 270 मातांची केलेली पाहणी 2002 साली प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के माता नैराश्यात होत्या, आणि त्यांपैकी बहुतेकींचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, मुलगी झाली म्हणून पडलेले चेहरे ही त्यामागची कारणं. लाडवांनी ती जात नाहीत. पुण्यात वारज्यातलं रामनगर असो की महामार्गालगतची सोसायटी, सव्वा महिना सरला की बाई एकटी पडते, आणि नेमकी तेव्हाच लसीची तारीख येते.

'औषध दुधातून बाळाला जाईल' ही भीती समजण्यासारखी आहे. सौम्य आजारात समुपदेशनानेच भागतं. औषध लागलं, तर सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फार थोडं उतरतं. अंगावरचं दूध न तोडता डॉक्टर ते देऊ शकतात.

खरा आक्षेप वेगळाच आहे: विचारलं, पण उपचार करणार कोण? रावळपिंडीजवळच्या खेड्यांतल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2008 साली आले. तिथे गावच्याच आरोग्यसेविकांना बोलून आधार द्यायला शिकवलं होतं. सहा महिन्यांनी त्यांच्याकडच्या 23 टक्के माता नैराश्यात होत्या, इतर गावांतल्या 53 टक्के. पुढे गोव्यात शेजारपाजारच्या 'सखीं'कडून असाच प्रयोग झाला. फरक लहान होता, पण होता. आपल्या आशाताई दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर 42 दिवसांत सहा वेळा घरी जातातच. हे काम त्यांच्याकडे द्यायचं, तर प्रशिक्षण आणि वाढीव मोबदलाही द्यायला हवा, नुसता आणखी एक तक्ता नको.

झोप पूर्ण उडाली, बोलणं असंबद्ध झालं, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचं काही मनात येऊ लागलं, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळ हिरावून घेतील म्हणून घरचे लपवतात. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडता येत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.