तेलविहिरीचा आलेख

जुहूच्या विमानतळावरून उडालेलें हेलिकॉप्टर पश्चिमेस समुद्रावर दिसेनासें होतें, हें दृश्य अंधेरी-पार्ल्याच्या रहिवाशांस नवें नाहीं. त्यांतील कित्येक फेऱ्या किनाऱ्यापासून सुमारें 160 किलोमीटरवरील 'मुंबई हाय' ह्या तेलक्षेत्राकडे जातात. समुद्रांत पाय रोवून उभ्या राहणाऱ्या 'सागर सम्राट' ह्या वेधन-फलाटानें तेथें 1974 च्या फेब्रुवारींत तेलाचा शोध लावला व 1976 च्या मे महिन्यांत उत्पादन सुरू झालें. ही कथा आपण पुष्कळदां ऐकली असेल. आज मला विचारावयाचें आहे तें इतकेंच, कीं विहिरींत तेल आहे हें मुळांत कळतें कसें?

तेल म्हटलें म्हणजे भूगर्भांत एखादें काळें तळें असेल, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत असतें, आणि तशाच छिद्रांत खारें पाणीही असतें. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहा. तिचे उभे काळे खांब साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचे. त्याच काळचा लाव्हा मुंबई हायच्या तळाशींही आहे. पण तेलाचा मुख्य सांठा त्याच्या पुष्कळ वर, सुमारें दोन कोटी वर्षांपूर्वींच्या समुद्रांत सांचलेल्या चुनखडींत आहे. ह्या चुनखडींत मधून मधून मातकट शेलचे पातळ थर आहेत, आणि तेलाच्या माथ्यावर वायूची टोपी आहे.

आतां विहीर म्हणजे वीतभर रुंदीचें, हजार मीटरांहून खोल भोंक. तेल उसळून वर येऊं नये म्हणून तें जड चिखलानें भरलेलें. डोळ्यांस दिसणार काय? ह्या अडचणींतून वाट काढली ती कॉनराड व मार्सेल श्लुंबर्जे ह्या फ्रेंच बंधूंनीं. त्यांच्या पद्धतीनें 5 सप्टेंबर 1927 रोजीं आल्सेस प्रांतांतील पेशेलब्रॉन येथें एका विहिरींत विजेचीं टोकें सोडून खडकाचा विद्युत्-रोध खोलीगणिक मोजण्यांत आला. आज तारेच्या टोकास अनेक उपकरणें बांधून खालीं सोडतात आणि हळूहळू वर ओढीत आलेख काढतात.

पहिली रेषा गॅमा किरणांची. शेलमध्यें पोटॅशियम, थोरियम अधिक, म्हणून तेथें रेषा उजवीकडे झुकते. स्वच्छ चुनखडींत ती डावीकडे राहते. दुसरें मापन छिद्रांचें. घनता आणि न्यूट्रॉन ह्या दोन रेषा मिळून तें सांगतात, व वायू असल्यास न्यूट्रॉनची रेषा फसून छिद्रें कमी दाखविते. तिसरी रेषा विद्युत्-रोधाची. खाऱ्या पाण्यांतून वीज सुखानें वाहते, तेलांतून वाहत नाहीं.

1942 मध्यें आर्ची नांवाच्या अमेरिकन अभियंत्यानें ह्या मापनांची सांगड घातली. उदाहरणच घेऊं. खडकांत छिद्रें 20 टक्के, 0.2 चा वर्ग 0.04, त्याचा व्यस्त 25. आंतील पाण्याचा रोध 0.05 ओहम-मीटर धरला, तर केवळ पाण्यानें भरलेल्या खडकाचा रोध 1.25 भरेल. आलेखावर मात्र 20 दिसतो, म्हणजे सोळापट. सोळाचें वर्गमूळ चार. तेव्हां छिद्रांत पाणी चौथा हिस्सा, आणि उरलेले तीन हिस्से तेल. शाळेंतल्या मुलास जमेल असें गणित!

परंतु खरी परीक्षा येथेंच आहे. हा वर्ग वाळूच्या खडकास बहुधा लागू पडतो. चुनखडीचा स्वभाव लहरी. तिच्यांतील पोकळ्या एकमेकींस जोडलेल्या नसल्या, तर विजेस वळसे घ्यावे लागतात व पाणी असूनही रोध वाढतो. मग वर्गाच्या जागीं अडीचचा घात घ्यावा लागतो. त्याच आंकड्यांवर पाणी 25 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर जातें. खडक तोच, आलेख तोच. तेल मात्र कागदावर कमी झालें. उलट, शेलचे पातळ थर मध्यें असले तर ते विजेस वाट देतात, रोध कमी दिसतो, आणि तेलाचा थर पाण्याचा समजून सोडून दिला जातो. माझ्या मतें ही दुसरी चूक अधिक वाईट. कारण पहिली चूक चांचणींत उघडी पडते, दुसरी कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

शिवाय चिखलांतील पाणी भिंतींत शिरून जवळचें तेल मागें ढकलतें. म्हणून रोध जवळून व दूरून, दोन्ही अंतरांवर मोजतात. दोन रेषा एकमेकींपासून फांकल्या, तर द्रव शिरण्याजोगी वाट खडकांत आहे, असें अनुमान निघतें.

इतकें करून निर्णय घेण्यास अवधि थोडा असतो. फलाटाचा खर्च दिवसागणिक चालू असतो, आणि विहिरींत पोलादी नळी बसवावयाची कीं ती बुजवावयाची, हें ठरवावें लागतें. शंका राहिलीच, तर एक उपकरण पुन्हा खालीं सोडतात. तें भिंतीस चिकटून दाब मोजतें व थोडासा द्रव शोषून घेतें. मग तो वर आणून बाटलींत ओततात, आणि सारे त्याच्या रंगाकडे पाहत उभे राहतात.