तरवडीचा ‘दीनमित्र’



पदवीदानाच्या प्रसंगी थोर विद्यापीठांचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. परंतु माझ्या मनात फार दिवस घर करून राहिलेला इतिहास तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील, नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून निघणाऱ्या एका साप्ताहिकाचा आहे, आणि तो तुम्हांपुढे ठेवल्यावाचून मला राहवत नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी, दख्खन दुष्काळाने होरपळत असता, सत्यशोधक कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र काढले. ते द्रव्याअभावी त्यांच्याने फार काळ चालले नाही. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्याला मुंबईत पुन्हा उभे केले. याच भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील, जे दत्तकविधानाने पाटील घराण्यात गेले, त्यांनी १९१० साली ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक हाती घेतले आणि ते सत्तावन्न वर्षे चालविले.

खेड्यात वर्तमानपत्र कशाला, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांना पडला असेल. त्याचे उत्तर गावच्या दप्तरात आहे. सारा किती, खाते कोणाच्या नावे, बाकी फिटली की नाही, हे सारे कुलकर्ण्याच्या रुमालात मोडी लिपीत बांधलेले असे; रयतेने अंगठा उठवावयाचा आणि आत जे लिहिले असेल त्यावर भरवसा ठेवावयाचा. प्रामाणिक कुलकर्णी नव्हतेच असे नाही. पण ज्या व्यवस्थेत लिहिणारा वंशपरंपरेने एक आणि ज्याच्याविषयी लिहावयाचे तो वंशपरंपरेने निरक्षर, त्या व्यवस्थेत प्रामाणिकपणा ही केवळ नशिबाची गोष्ट उरते. त्या बांधलेल्या दप्तरासमोर मुकुंदरावांनी छापील बाळबोध अक्षरांचा उघडा कागद ठेवला, जो दुसरी-तिसरी शिकलेले पोरही ओट्यावर बसून बापाला वाचून दाखवू शके. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे कर्तृत्व हेच, आणि त्यांच्या मतांशी वाद घालणाऱ्यानेही ते मान्य करावे.

‘दीनमित्रा’चा छापखानाही खेड्यातच होता. खिळे, शाई, कागद दुरून आणावयाचे, अंक टपालाच्या स्वाधीन करावयाचा, आणि वर्गणीची वाट पाहावयाची. वाचक शेतकरी, तेव्हा ज्या वर्षी पावसाने ओढ दिली त्या वर्षी वर्गणीनेही ओढ द्यावी हे ओघानेच आले. तरीही तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या शहरी जाऊन बसण्याचा सोयीचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. मला वाटते, शहरातून खेड्याविषयी लिहिणे आणि खेड्यात राहून ज्याच्याविरुद्ध लिहिले तो उद्या सकाळी पारावर भेटणार हे ठाऊक असता लिहिणे, यांत फार अंतर आहे.

१९१३ साली त्यांनी ‘कुलकर्णी-लीलामृत’ हे काव्य रचले. त्याची भाषा काही ठिकाणी कठोर आहे, आणि आज वाचताना ती बोचते. पण दीर्घकाळ मुकी राहिलेली वेदना प्रथम बोलू लागली म्हणजे तिचा स्वर मृदू असावा, ही अपेक्षा मी तरी करणार नाही.

पुढे मुंबई सरकारने १९५० साली परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा केला. ज्या वतनावर ‘दीनमित्रा’ने चाळीस वर्षे लेखणी झिजविली ते गेले, परंतु मुकुंदरावांनी छापखाना बंद केला नाही. त्यानंतरही अंक निघत राहिले, ते १९६७ साली त्यांचे निधन होईपर्यंत.